चौदा म्हणजे नक्की किती?

विद्यापीठातल्या टॉयलेटच्या दाराला आतून चिकटवलेला तो कागद तुम्हीही वाचला असेल. फोन खोलीवर विसरला असेल तर दोनदा. गेले काही आठवडे उदास वाटतंय का, वय अठराच्या वर आहे का, मग आमच्या अभ्यासात भाग घ्या. खाली फाडून न्यायच्या पट्ट्या, त्यातल्या दोन-तीन आधीच गेलेल्या. मला आठवतंय, आपल्या आधी कुणीतरी पट्टी फाडलीय हे बघूनच मला जरा बरं वाटलं होतं. पीएचडीचं दुसरं वर्ष, इंग्लंडच्या उत्तरेतला नोव्हेंबर, दुपारी चारला अंधार. मीही एक पट्टी फाडली.

डिप्रेशनवरच्या संशोधनात भाग घ्यावा का, हे पॉडकास्टच्या निमित्ताने आम्हाला बरेच जण विचारतात. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रातली नाही. मी भाषेवर काम करते. त्यामुळे मला जे येतं तेवढंच इथे करणार आहे, ते म्हणजे मजकूर वाचणं. अशा अभ्यासात तुमचं रक्त घेतील, लाळ घेतील, मेंदूचा स्कॅन काढतील. पण तुम्ही बरे झालात की नाही हे बहुतेक वेळा ठरतं एका फॉर्मवर. आणि या फॉर्मची समीक्षा सहसा कुणी करत नाही. आपण कादंबरीची करतो, सिनेमाची करतो, शेजारच्या काकूंच्या पुरणपोळीची तर करतोच करतो. मग ज्या कागदावर आपला जीव अंकांत उतरतो, तो वाचायला काय हरकत आहे?

इंग्लंडात तुमच्या हाती पडेल तो बहुधा पीएचक्यू-९. स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोन्के या अमेरिकन संशोधकांनी फायझर कंपनीच्या अनुदानावर तो बनवला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केला. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं, एवढंच विचारायचं. अजिबात नाही असेल तर शून्य, जवळजवळ रोज असेल तर तीन. सगळे मिळून जास्तीत जास्त २७. दहाच्या वर गेलात की डॉक्टरांची भुवई जरा वर जाते. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत समुपदेशनाला गेलात तर जवळपास दर भेटीआधी हाच कागद भरायचा असतो. इतका हातात आलाय तो की लोक पाढ्यांसारखा भरतात.

माझे गुण आले १४.

आता प्रश्न नीट वाचा. पहिलाच प्रश्न रस आणि आनंद यांना एका वाक्यात बांधतो. माझा कामातला रस शाबूत होता, आनंद गेला होता. कितीला खूण करू? झोपेचा प्रश्न त्याहून मजेशीर. झोप न लागणं आणि फार झोप येणं, दोन्ही एकाच प्रश्नात, मधे एक 'किंवा'. भुकेचंही तेच, कमी किंवा जास्त. हालचालीचं तर टोकाचं: इतके मंद झालात की लोकांच्या लक्षात यावं, किंवा उलट इतके अस्वस्थ की एका जागी बसवत नाही. माझी तेव्हाची फ्लॅटमेट नाशिकची. ती दिवसाला बारा तास झोपायची आणि मधल्या वेळात बिस्किटांचे पुडे संपवायची. मी पहाटे तीनला उठून खिडकीशी बसायचे आणि जेवण टाळायचे. तिनेही फॉर्म भरून पाहिला. तिचे १३. म्हणजे कागदाच्या हिशोबात आमच्या दोघींत फरक एका गुणाचा. प्रत्यक्षात आम्ही दोघी एकमेकींची अवस्था समजूही शकत नव्हतो. तिला वाटायचं मी उगाच जागते, मला वाटायचं ही आळशी आहे.

मग तो स्वतःबद्दल वाईट वाटण्याचा, आपण स्वतःला किंवा घरच्यांना खाली पाहायला लावलं असं वाटण्याचा प्रश्न. तुम्हीच सांगा, शिक्षणासाठी कर्ज काढून परदेशी आलेल्या मराठी घरातल्या मुलीने इथे शून्यावर खूण कशी करायची? ते माझं लक्षण नव्हतं, ते रविवारच्या व्हिडिओ कॉलचं वेळापत्रक होतं. आई विचारणार, "जेवलीस का?" बाबा विचारणार, "सबमिशन कधी?" मी तीन लिहिले. ते तीन माझ्या आजाराचे किती आणि आमच्या घराचे किती, हे त्या कागदाला कळायची सोय नाही.

आणि जे नाहीच त्याचं काय? राग नाही. रडू नाही. एकटेपण नाही. अंग दुखणं, डोकं जड होणं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं नाही. आणि 'करमत नाही' नाही! मला त्या हिवाळ्यात जे होत होतं त्याला मी मनातल्या मनात हाच शब्द वापरत होते. त्यात दुःख आहे, पण नुसतं दुःख नाही. जागा आहे, माणसं आहेत, वेळ न सरणं आहे. इंग्रजीत त्याला एक शब्द सापडला तर मला जरूर कळवा, मी पाच वर्षं शोधतेय. पीएचक्यूचे अनेक भाषांत अनुवाद झालेत, पण मुळात प्रश्नच नसेल तर अनुवाद कशाचा करणार? शिवाय 'नैराश्य' हा शब्द घ्या. आपल्याकडे भारत सेमीफायनल हरला तरी नैराश्य येतं. मग जिला सकाळी उठून दात घासवत नाहीत तिनेही तोच शब्द वापरायचा का? म्हणून तर आपण 'डिप्रेशन' म्हणून मोकळे होतो. तो शब्द दवाखान्याचा वाटतो आणि घरात कुणाच्या अंगाला लागत नाही.

ही नुसती भाषेवाल्यांची कुरकुर नाही. स्टार-डी नावाचा एक प्रचंड अभ्यास अमेरिकेत सरकारी पैशाने झाला. चार हजारांवर रुग्ण, एक औषध लागू पडलं नाही तर दुसरं, मग तिसरं, अशा चार पायऱ्या. त्यातल्या ३,७०३ जणांची लक्षणं फ्रीड आणि नेसी यांनी २०१५ मध्ये पुन्हा तपासली. लक्षणांच्या वेगवेगळ्या जुळण्या निघाल्या १,०३०. सगळ्यांत जास्त आढळलेली जुळणीसुद्धा शंभरातल्या दोघांचीही नव्हती. नाव एकच, आजार डिप्रेशन. आमच्या फ्लॅटमध्ये दोन जणींत जे दिसत होतं तेच तिथे हजारोंत होतं.

औषधांच्या चाचण्यांत बरीच वर्षं राज्य केलं ते मात्र वेगळ्या पट्टीने. मॅक्स हॅमिल्टन हे जर्मनीत जन्मलेले, पुढे इंग्लंडात लीड्स विद्यापीठात प्राध्यापक झालेले मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी १९६० मध्ये सतरा मुद्द्यांची पट्टी प्रसिद्ध केली. ती तुम्ही भरत नाही, समोर बसलेला माणूस तुमच्याशी बोलून भरतो. कमाल गुण ५२. त्यात झोपेला तीन वेगळे मुद्दे आहेत: झोप लागायला वेळ, मधे जाग येणं, पहाटे लवकर उठणं. प्रत्येकाला दोन, म्हणजे सहा गुण. हॅमिल्टन यांनी ती बनवली होती आधीच निदान झालेल्या रुग्णांची तीव्रता नोंदवण्यासाठी. नंतर तिच्यावर अख्ख्या औषधांचे निकाल ठरू लागले. २००८ मध्ये अर्विंग किर्श आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, मंजुरीसाठी दिलेल्या ३५ चाचण्यांचे आकडे एकत्र केले. औषध घेतलेले आणि प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी रिकामी गोळी घेतलेले, यांच्यातला सरासरी फरक या पट्टीवर १.८ गुणांचा निघाला. आता आठवा, नुसत्या झोपेला सहा आहेत. एखाद्या गोळीने मन जागचं न हलवता फक्त झोप लावून दिली, तरी तेवढे गुण खाली येऊ शकतात.

थांबा, इथून थेट 'गोळ्या म्हणजे थोतांड' या निष्कर्षावर उडी मारू नका. मी ती मारली होती आणि एका वरिष्ठ मैत्रिणीने मला चांगलं झापलं होतं. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ माणसं होती. तपासलेली सगळी २१ औषधं प्लासिबोपेक्षा सरस ठरली, फरक बहुतेक ठिकाणी माफक असला तरी. आणि इथे इंग्लंडातच झालेल्या अँटलर चाचणीत, वर्षानुवर्षं गोळी घेऊन बरं वाटणाऱ्या ४७८ लोकांपैकी ज्यांची गोळी हळूहळू बंद केली त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांना वर्षभरात आजार परतला. गोळी चालू ठेवलेल्यांत हेच प्रमाण ३९ टक्के. दोन्ही आकडे एकदम डोक्यात ठेवायचे: बंद केलेल्यांतल्या बऱ्याच जणांना काही झालं नाही, चालू ठेवलेल्यांतल्या बऱ्याच जणांना झालं. तेव्हा हा लेख वाचून कुणीही आपली गोळी परस्पर बंद करू नका.

माझी तक्रार गोळीबद्दल नाही, मापाबद्दल आहे. तिचा सगळ्यांत स्वच्छ नमुना म्हणजे पांडा चाचणी, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली. ब्रिस्टल, लिव्हरपूल, लंडन आणि यॉर्क या चार शहरांतले साडेसहाशेच्या आसपास लोक, एका गटाला सर्ट्रालिन, दुसऱ्याला प्लासिबो. सहा आठवड्यांनी पीएचक्यू-९ काढला तर दोन गटांत सांगण्यासारखा फरक नाही. पण चिंता मोजणाऱ्या दुसऱ्या फॉर्मवर फरक होता. आणि नुसतं विचारलं की आता तुम्हाला कसं वाटतंय, तर सर्ट्रालिन घेणारे लोक बरं वाटतंय असं जास्त प्रमाणात सांगत होते. फॉर्म म्हणतो नाही, माणूस म्हणतो हो. संशोधकांनी दोन्ही छापलं, हे त्यांचं मोठेपण. पण चाचणीचा मुख्य निकाल कुठला, हे आधीच ठरलेलं होतं: फॉर्मचा.

छापलं, म्हणाले. ते गृहीत धरू नका. २००८ मध्ये एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी एक साधा उद्योग केला. एफडीएकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या घेतल्या, १२ औषधं, १२,५६४ रुग्ण, आणि नियतकालिकांत काय आलं ते ताडून पाहिलं. एफडीएच्या मते ३८ चाचण्यांचा निकाल औषधाच्या बाजूचा होता. त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ संशयास्पद किंवा औषधाच्या विरोधात. त्यातल्या २२ कुठेच छापल्या नाहीत. ११ अशा रीतीने छापल्या की जणू औषधच जिंकलं. फक्त तीन जशा होत्या तशा आल्या. नंतरच्या औषधांबाबत चित्र सुधारलंय, पण पूर्ण नाही.

हे वाचताना संख्या बाजूला ठेवा आणि एकच माणूस डोळ्यांपुढे आणा. कुणीतरी एक बाई, थकलेली, आठ आठवडे दर आठवड्याला बस बदलून दवाखान्यात जाते. तिच्या हातात रिकामी गोळी असू शकते हे तिला माहीत आहे. चिठ्ठी टाकल्यासारखं कुठला गट ते ठरलंय, तिला सांगितलेलं नाही. पुढच्या माणसाला उपयोग होईल म्हणून ती हे करते. आणि तिची उत्तरं कंपनीच्या खणात जातात, कारण ती सोयीची नव्हती. स्टार-डीबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की चार पायऱ्यांअखेर ६७ टक्के लोकांची लक्षणं गेली. तो आकडा काढताना, मधेच सोडून गेलेले राहिले असते तर त्यांनाही राहिलेल्यांइतकाच फायदा झाला असता, असं धरलं होतं. २०२३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मूळ आराखड्याप्रमाणे आकडे पुन्हा मांडले तर ३५ टक्के आले. मूळ संशोधकांनी त्या मांडणीवर आक्षेप घेतलाय, वाद चालूच आहे. माझ्या डोक्यात मात्र ते सोडून गेलेले लोकच राहतात. का गेले असतील? बस चुकली, नोकरी लागली, गोळीने मळमळ झाली, कुणी नीट बोललं नाही. हिशोबात त्यांना बरं करून टाकलं.

माझ्या अभ्यासात गोळ्या नव्हत्या, बोलण्याचे दोन प्रकार पडताळत होते. सहा आठवडे मी इमानदारीत गेले. चौदाचे नऊ झाले. शेवटी तीस पौंडांचं व्हाउचर मिळालं, त्यातून मी प्रेशर कुकर घेतला, तो अजून शिट्ट्या देतोय. निकाल कळवू म्हणाले होते. वर्षाने मी ईमेल टाकला. उत्तर आलं की ही व्यक्ती आता इथे काम करत नाही. निकाल अजूनही मला कुठे सापडलेला नाही. माझे नऊ कुठे गेले, कुणाला माहीत.

मग कशाला जायचं असल्या भानगडीत? हा प्रश्न रास्त आहे, आणि मी बराच काळ 'नकोच' या बाजूला होते. मला हलवलं ते दोन गोष्टींनी.

एक, कोण येत नाही ते बघा. ग्लॅड नावाचा अभ्यास इथे २०१८ मध्ये सुरू झाला. डिप्रेशन आणि चिंतेमागची आनुवंशिकता शोधायची, लाळेची डबी पोस्टाने घरी येते. नाव नोंदवणारे बहुसंख्य गोरे, त्यातही बहुतेक स्त्रिया. म्हणजे त्यातून जे कळेल ते आधी त्यांना लागू. आपण दूर राहिलो तर फॉर्म आपल्यासाठी चुकीचा आहे हे सिद्ध करायलाही आकडे नसतील. उलट उदाहरण रोशनी-२ चं. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई स्त्रियांचं बाळंतपणानंतरचं डिप्रेशन, आणि त्यांच्या घरांची रीत ओळखून बेतलेले गटातले उपचार. ७३२ जणी आल्या. चार महिन्यांनी उपचार मिळालेल्या गटातल्या ४९ टक्के सावरल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या ३७ टक्के. वर्षाने मात्र तो फरक उरला नव्हता, आणि तेही त्यांनी २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये सरळ सांगितलं. या बायका येणारच नाहीत, त्यांच्या सासवा सोडणार नाहीत, असं कुणी म्हणालं असतं तर मीही मान डोलावली असती. आल्या.

दुसरी गोष्ट गोव्याची. मुंबईत वाढलेले डॉ. विक्रम पटेल आणि १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेली संगत ही संस्था तुम्हाला ऐकून माहीत असेल. त्यांच्या पहिल्या मोठ्या चाचणीचं नाव मानस, 'मनशांती सुधार शोध' या कोंकणी नावाचं लघुरूप. बारा सरकारी आणि बारा खाजगी दवाखाने, २,७९६ रुग्ण, आणि बोलायला बसणारे डॉक्टर नव्हेत, तर गावातलेच प्रशिक्षण दिलेले लोक. मला यातला सगळ्यांत आवडलेला भाग निकालांच्या कुठल्याच तक्त्यात नाही. रुग्णासमोर 'डिप्रेशन' शब्द त्यांनी टाळला. लोक स्वतः जे म्हणत होते, टेन्शन, झोप नाही, अंग दुखतंय, तिथून सुरुवात केली. सरकारी दवाखान्यांत फायदा दिसला, सुमारे ६६ टक्के विरुद्ध ४३ टक्के. खाजगीत दिसला नाही, तेही छापलं. पुढे त्यांनीच सहा ते आठ भेटींचा एक उपचार ४९५ लोकांवर पडताळला. तीन महिन्यांनी ६४ टक्के सावरले, दुसऱ्या गटात ३९. गंमत म्हणजे तिथे प्रवेशाला पीएचक्यू-९ वर चौदापेक्षा जास्त गुण लागत होते. म्हणजे मला घेतलं नसतं. फॉर्म तोच बरं का! त्यांनी फॉर्म फेकला नाही. त्याआधी आणि त्यानंतर माणसाशी त्याच्या शब्दांत बोलले.

तेव्हा पट्टी फाडायची असेल तर फाडा, पण वाचून. संमतीपत्र आठ-दहा पानी असतं आणि ते सही करण्यासाठी नाही, घरी नेण्यासाठी असतं; "उद्या सांगते" म्हणायला लाजू नका. चाचणीची नोंदणी कुठे झालीय, क्रमांक काय, हे विचारा. आयएसआरसीटीएन किंवा क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर तो टाकला की मुख्य निकाल कुठल्या मापाने ठरणार हे आधीच लिहिलेलं सापडतं. निकाल उलटा आला तरी छापणार का, हे तोंडावर विचारा. समोरचा गडबडला तर तेही उत्तरच. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे पानावर असायलाच हवं.

आणि नववा प्रश्न. मरून जावं, स्वतःला इजा करावी असे विचार. मला माहीत आहे, आपल्यातले बरेच जण इथे डोळे झाकून शून्य लिहितात. व्हिसावाल्यांना कळलं तर, घरी कळलं तर. अभ्यासातली उत्तरं साधारणपणे नावाऐवजी कोडखाली ठेवतात. पण जीवाला धोका वाटला तर ते तुमच्याशी बोलतील, तुमच्या डॉक्टरला कळवतील, हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. तो नियम आधी वाचा, मग खरं लिहा. अभ्यास हा उपचार नसतो. आज रात्रीच बोलायची गरज असेल तर अभ्यासाची वाट बघू नका: ब्रिटनमध्ये ११६ १२३, अमेरिकेत ९८८.

मी गेल्या वर्षी दुसऱ्यांदा गेले, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या अभ्यासाला. क्रमांक विचारला, निकालाचं विचारलं. संशोधक माझ्याच वयाची होती, तिने खुर्ची पुढे ओढून नीट सांगितलं. मग कागद पुढे केला. मी नऊ खुणा केल्या आणि समासात, मोकळी जागा होती तिथे, मराठीत दोन शब्द लिहिले. तिने कागद फिरवून पाहिला आणि विचारलं, हे काय लिहिलंयस? मी म्हटलं, करमत नाही. तिने वही उघडली आणि म्हणाली, म्हणजे कसं होतं ते सांग.